आक्कांचं धुणं

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना आक्कांच्या नाकानं आधी ओळख दिली. स्पिरिट, फिनाईल आणि वाफवलेल्या काचेचा तो वास! "अगं बाई, काही म्हणून बदललं नाही गं इथलं!" त्या म्हणाल्या. आत जाऊन बघतात तो सगळंच बदललेलं. भिंतींना नवा रंग, खुर्च्यांना चाकं आणि आक्कांच्या कोटाच्या खिळ्यावर कुणाची तरी छत्री. जुनी म्हणून राहिली होती ती फक्त एक दगडी ओट्याची खोली, मागच्या अंगाची. तिथंच आक्कांनी सरांच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं काढली होती.

त्यांना घ्यायला बारकी आली होती. बारकी म्हणजे सरांची धाकटी लेक. आता स्वतःच मोठी प्राध्यापक, केस पिकलेले, हाताखाली दहा माणसं. पण आक्कांच्या लेखी ती शाळा सुटल्यावर याच ओट्याशी बसून डुकरांची चित्रं काढणारी बारकीच. चित्रातल्या प्रत्येक डुकराला ती चष्मा काढायची आणि म्हणायची, "हे बाबा." सर हसून हसून बेजार व्हायचे.

सरांनी उभा जन्म एका जिवाणूपायी घालवला. डुकरांच्या फुफ्फुसात शिरतो, पिलं धापा टाकत मरतात, असला दळभद्री जिवाणू. सगळे म्हणायचे, तो पेशीला घट्ट चिकटतो आणि मग आत घुसतो. सर म्हणायचे, छे! तो नुसता टेकतो. पेशीच अंग पुढे काढते, त्याला कवेत घेते आणि आत ओढते. "आक्का, पाहुणा दारात नुसता उभा असतो हो. घरचेच त्याला दंडाला धरून आत नेतात, आहे की नाही गंमत!" असं म्हणून ते टाळी वाजवायचे.

प्रयोग तसा साधा. डुकराच्या श्वासनळीतल्या पेशी छोट्या ताटल्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर जिवाणू सोडायचे, तासभर थांबायचं आणि मिठाच्या द्रावणानं तीनदा धुवायचं. मोकळे असतील ते वाहून जातात, पेशींनी धरलेले मागं राहतात. मागं राहिलेले वाढवून दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके मोजायचे. मोजणं सरांचं, धुणं आक्कांचं. "या प्रयोगात डोकं कुणाचंही चालेल, हात आक्कांचेच हवेत," असं सर पाहुण्यांना सांगायचे, की आक्का दोन दिवस जमिनीला पाय लावायच्या नाहीत.

पुढं इतरांनी तोच प्रयोग केला आणि धुतल्यावर कुणालाच काही सापडेना. आधी कुजबुज झाली, मग लोक उघड बोलू लागले, की आकडे बसल्या जागी लिहिलेत. सर कुणाशी भांडले नाहीत. गप्प गप्प होत गेले, आणि चार वर्षांपूर्वी गेले ते तसेच गेले.

"मी सहा वेळा करून पाहिलं, आक्का," बारकी म्हणाली. "बाबांच्या वहीत लिहिलंय तसं, शब्दन् शब्द. हाती भोपळा. या शुक्रवारी लिहून द्यायचंय, त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता म्हणून. आणि ते लिहायचं कुणी, तर मी. त्याआधी एकदा तुम्ही धुवून दाखवा."

आक्कांनी पदर खोचला, वरून कोट चढवला. बारकीनं फ्रीजमधून द्रावणाची बाटली काढून हातात दिली.

"अगं, ही तर बर्फासारखी गार!" असं म्हणत आक्का सवयीनं वळल्या आणि पेशी ठेवायचं उबेचं कपाट उघडून त्यांनी बाटली आत सारली.

"आक्का, काय करताय?"

"काही नाही गं, जरा ऊब लागू दे तिला."

"वहीत तर फ्रीजमधलं द्रावण लिहिलंय."

आक्कांचा चेहरा उतरला. "सरांचा नियमच होता तो. पण थंडीत बोटं सुजायची माझी, टचटच दुखायची. मग सर यायच्या आधी बाटली इथं ठेवायची मी. ओरडतील म्हणून कधी बोलले नाही."

"थंडीत फक्त?"

"आधी थंडीत. मग रोजचीच सवय झाली."

बारकीनं फ्रीजमधून दुसरी बाटली काढली. मग घाईघाईनं म्हणाली, "गार पडली की पेशी अंग आखडून घेते, आक्का! धरलेलं सोडून देते! दोन्ही करू. एक गार, एक कोमट. दोन्ही तुम्हीच धुवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या उघडल्या. गार धुतलेली कोरी करकरीत. कोमट धुतलेलीवर साखर सांडावी तसे ठिपकेच ठिपके. "बाबा खरे होते! तो स्वतः चिकटत असता, तर गार धुण्यातही राहिला असता!" बारकी ओरडली आणि तिनं आक्कांना मिठीच मारली.

आक्कांना मात्र हसू फुटेना. त्या ओट्याला टेकून रडायला लागल्या. "बोटं दुखतात, एवढं सांगायला काय झालं होतं मला? एक शब्द बोलले असते तर! माझ्यापायी देवमाणूस खोटा ठरला गं."

बारकी चष्मा काढून पुसत राहिली.

"दवाखान्यात मी त्यांना विचारलं होतं," ती अखेर म्हणाली. "बाबा, खरं सांगा, आकडे खरे होते ना? चिडले नाहीत. म्हणाले, धुणं आक्कांचं होतं, त्यांना बोलाव आणि एकदा करून बघ. मला वाटलं, आता खापर तुमच्यावर फोडतायत. इतकी लाज वाटली मला त्यांची. मी तुम्हाला फोनच केला नाही."

आक्कांनी डोळे पुसले. "रागावले होते का गं माझ्यावर?"

"नाही हो. तुमची त्यांना खात्री होती. मलाच नव्हती, त्यांची."