अ‍ॅथलच्या पुंगळ्या

सुगीत धान्य कोठारात चढवणाऱ्या यंत्राच्या फिरत्या स्क्रूने अ‍ॅथल नॅन्किव्हेलच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. उरला अंगठा आणि करंगळी. जखम भरली, तसा तो एका सकाळी शेडमध्ये जाऊन आपल्या कामाच्या जुन्या बाकासमोर उभा राहिला.

त्याची बायको मर्ना रायफल क्लबची नेमबाज. नेम तिचा आणि काडतुसं त्याची, ही त्यांची लग्नापासूनची वाटणी. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तो पुन्हा भरण्याजोग्या करायचा. बार उडाला की पितळ ताणून लांबतं. मग पुंगळीचं तोंड छाटायचं, आतबाहेरची धार मोडायची, बूड साफ करायचं. सगळं हाताने.

"यंदा मी तयार काडतुसं आणते," मर्ना दारातून म्हणाली.

"का? मी मेलो का?"

"अरे, तसं नाही रे. पण एका हाताने..."

"तू वाऱ्याचं बघ. पितळेचं मी बघतो."

ती गेली आणि त्याचं खरं हसं सुरू झालं. छाटायच्या हत्यारात एका हाताने पुंगळी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा, अशी रीत. उजव्या हातात धरायला काही राहिलं नव्हतं. त्याने पुंगळीची पकड बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि डाव्या हाताने दांडा फिरवला. डावा हात अडाणी. प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला रेटायचा. तोंडं तिरकी निघाली. वर किती छाटायचं ते ठरवणारा नट हादऱ्याने सरकला आणि शेवटच्या पुंगळ्या आखूड झाल्या. लांबी मोजायचा व्हर्नियर लावून बघितलं आणि सगळा घाणा भंगाराच्या डब्यात ओतला.

तेवढ्यात शेजारचा केल्विन डोन्ट आला. क्लबचा कप्तान आणि मर्नाचा जुना प्रतिस्पर्धी. डब्यात डोकावून म्हणाला, "गळाला वजन म्हणून शिसं लावतो, आता पितळ पण मिळालं! अरे, माझं विजेवरचं यंत्र ने. दुपारपर्यंत मोकळा होशील."

"तुझं यंत्र तुला लखलाभ."

"म्हाताऱ्या, हट्टाला बोटं फुटत नाहीत."

अ‍ॅथल हसला, पण शब्द लागला. केल्विन गेल्यावर तो बराच वेळ दांड्याकडे बघत बसला. दांडा म्हटला की हात ढकलणारच. चाक असतं तर? कोपऱ्यात सासूचं शिवणयंत्र धूळ खात होतं. त्याचं जड चाक त्याने काढलं आणि दांड्याच्या जागी बसवलं. आता तळव्याने नुसतं फिरवायचं, रेटायला जागाच नाही. सरकणाऱ्या नटावर दुसरा नट उलटा आवळला. धार मोडायचं हत्यार बाकात उभं ठोकलं आणि अंगठा-करंगळीत पुंगळी धरून त्याच्यावर फिरवून बघितली. दोन बोटांना एवढंच जमायचं होतं, आणि ते झकास जमलं.

मग एकेक पुंगळी व्हर्नियरखाली. जुळली नाही की बाहेर. मर्ना चहा घेऊन आली, तिने एक उचलून तोंडावरून नख फिरवलं.

"गुळगुळीत आहे."

"मग? काय वाटलं होतं?"

तिने पुंगळी परत ठेवली. त्याच्या आखूड हातावर आपला हात ठेवून गेली.

शरदातल्या बक्षिसाच्या नेमबाजीला आखाताकडून आडवा वारा सुटला होता. शेवटचा पल्ला सर्वांत लांबचा. मर्ना चटईवर पालथी पडली आणि मागे अ‍ॅथल दुर्बिणीला डोळा लावून बसला. दर बाराला निशाणाचा फळा खालच्या खंदकात उतरे आणि तिथली माणसं गोळीच्या भोकावर खूण लावून तो वर चढवत. पहिली खूण थोडी डावीकडे, दुसरी उजवीकडे. वारा झुलवत होता. पण वर-खाली? तो बघत राहिला. खुणा सगळ्या एकाच उंचीवर, दोरी ताणून लावल्यासारख्या. डावं-उजवं ते वाऱ्याचं आणि मर्नाचं. उंची पुंगळ्यांची; पुंगळ्या सारख्या तर बाराचा जोर सारखा. उंची त्याची. दुर्बीण धुकट झाली.

शेजारून केल्विनच्या दुर्बिणीचा रोखही त्याच निशाणावर होता. "एकही वर नाही, एकही खाली नाही," तो पुटपुटला. त्याच्या स्वतःच्या खुणा मात्र शिडीसारख्या उभ्या चढल्या होत्या.

मर्नाने वारा ओळखला आणि उरलेले बार काळ्या वर्तुळाच्या मधोमध घातले. बक्षीस तिचं झालं. रिवाजाप्रमाणे तिला दांडे लावलेल्या खुर्चीत बसवून खांद्यावर घ्यायला माणसं धावली. ती बसेचना. "आधी ह्याला बसवा!"

"अगं, मी एक तरी बार मारला का?" अ‍ॅथल ओरडला.

"प्रत्येक बार तूच तर आधी घडवलास."

शेवटी बसली तीच. पण खुर्चीचा पुढचा दांडा उचलायला अ‍ॅथलच आला, डाव्या खांद्याने. दुसऱ्या बाजूला केल्विन.

"माझ्या पुंगळ्या करशील का रे?" केल्विनने चालता चालता हळूच विचारलं.

"खुर्ची सरळ धर आधी," अ‍ॅथल म्हणाला, "बायको आहे माझी वर!" आणि ताठ मानेने सगळ्या क्लबापुढून चालत राहिला.