सर्टिफिकेटवरची बाई

शिंदखेड्याच्या आमच्या मेडिकलमध्ये रोज सकाळी माझ्या फोटोला उदबत्ती ओवाळतात. त्या वेळी मी घरी भाकरी थापत असते.

फोटो माझ्या फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटवरचा. दोन वेण्या, घाबरलेले डोळे, आणि खाली नाव. जळगावला माहेरी असताना मी डी.फार्म. केलं, तेव्हाचा. फार्मासिस्टच्या नावाशिवाय मेडिकलचं लायसन मिळत नाही आणि आमचे हे पडले बी.कॉम. म्हणून दुकान ह्यांचं आणि नाव माझं. मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी पोहे नंतर खाल्ले, आधी सर्टिफिकेट हातात घेऊन पाहिलं. मला मेलीला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता!

लग्नानंतर चार दिवस मी दुकानात गेलेसुद्धा. मग सासूबाई म्हणाल्या, घरची सून काउंटरवर उभी राहिली तर लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले असते ते काही कळलं नाही, कारण पाचव्या दिवशी मी घरीच राहिले. पुढे मुलगा झाला, सासूबाईंचं आजारपण झालं, कांद्याचे दिवस, पापडाचे दिवस. माझा पांढरा अ‍ॅप्रन स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला. इन्स्पेक्टर यायचा असला की ह्यांचा फोन येतो, मी अ‍ॅप्रन चढवते, स्कूटीवर दुकानात जाते आणि साहेब जाईपर्यंत खुर्चीवर बसते. साहेब गेले की पुन्हा वरणाला फोडणी. सगळीकडे असंच चालतं म्हणतात. चालत असेल. पण म्हणून गोड लागत नाही.

गेल्या दिवाळीत ह्यांनी धुळ्याहून चंदनाच्या सालींचे दोन हार आणले. एक दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला घातला. दुसरा उरला, तो शेजारच्या माझ्या फ्रेमला. "बरं दिसतं," म्हणाले. ह्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मीही हसले आणि विषय सोडून दिला.

यंदा आमची दिपमाला बारावी झाली. माझ्या जेठांची, म्हणजे थोरल्या दिरांची, नानांची मुलगी. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, त्यामुळे ती निम्मी माझ्याच हाताखाली वाढली. पोरीने सीईटीत चांगले मार्क पाडले. धुळ्याच्या चांगल्या कॉलेजात बी.फार्म.ला नंबर लागेल एवढे. तिला डिग्रीच करायची होती. औषध बनतं कसं, शरीरात गेल्यावर करतं काय, हे नीट शिकायचं होतं, जमलं तर त्याच्याही पुढे जायचं होतं. बोलायला लागली की तव्यावरची पोळी करपायची.

नानांच्या डोक्यात मात्र डिप्लोमा. कारण भूषण. भूषण म्हणजे दिपमालाचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी बारावी सायन्स काठावर पास झाला आणि तेव्हापासून चौकात उभा राहून मोबाईल बघतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला सकाळी उठवायला दोन माणसं लागतात. त्याला जवळच्या नरडाण्याला मेडिकल टाकून द्यायचं नानांनी ठरवून टाकलं होतं. गाळासुद्धा बघून ठेवला होता. आता फक्त भिंतीवर लावायला सर्टिफिकेट हवं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीत बसले. नाना म्हणाले, "चार वरीस कसाले जोयजेत? दोन वरीसमा सर्टिफिकेट भेटस. भूषणनं दुकान लागी जाई, पोरनं लगन करी टाकसूत. घरनं बठ्ठं घरमाच ऱ्हाई."

"नाना, डिग्री झाली तरी तेच रजिस्ट्रेशन मिळतं," दिपमाला म्हणाली.

"मंग दोन वरीस उशीर कसाले?"

याला उत्तर होतं, पण ते बापासमोर कसं म्हणायचं हे तिला कळेना. ती नखं कुरतडत बसली. तेवढ्यात नानांनी मान माझ्याकडे वळवली. "सुनंदा, तू सांग तिले. तू तं डिप्लोमाच करेल शे. तुनं काय वाईट व्हयनं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय वाईट झालं होतं? घर आहे, नवरा हात उगारत नाही, पोट भरतं. मी म्हटलं, "सांगते, विचार करून." आणि ताटं उचलून आत गेले. मला माझाच राग आला होता.

दिपमाला मागोमाग आली. खरकटं काढता काढता म्हणाली, "काकू, परवापर्यंत कॉलेजची पसंती ऑनलाइन भरायची आहे. ती भरली नाही तर माझी डिग्री गेली. नाना तुमचं ऐकतील. तुम्ही बोला ना."

"मी काय बोलू?"

"खरं ते. डिप्लोमा करून तुम्हाला काय मिळालं?"

पोरीचा वार अगदी वर्मी बसला होता. मी दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "अ‍ॅप्रन," म्हटलं. दोघी हसलो. पण माझं हसणं लवकर संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन. "दोंडाईच्याला साहेब दिसले म्हणे. मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आलाय. लगेच ये." मी अ‍ॅप्रन घेतला. दिपमाला म्हणाली, मीही येते. बसली मागे.

दुकानात ह्यांनी खुर्ची पुसून ठेवली होती. मी बसले. दिपमाला आतल्या स्टुलावर टेकली. साहेबांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात बाजारासाठी आलेली एक बाई पायरी चढून आली. पन्नाशीची असेल, हातात मेथीची पिशवी. ह्यांनी तिला ओळखलं. "या मंजुळाबाई," म्हणाले, काही न विचारता फळीवरून एक पुडकं काढलं आणि खाली मान घालून ते कागदात गुंडाळायला लागले.

मंजुळाबाईचं लक्ष माझ्याकडे. मग भिंतीकडे. मग परत माझ्याकडे.

"तू कोन शे वं माय?"

"मी ह्यांची बायको. इथली फार्मासिस्ट."

"तो फोटो तुनाच शे?"

"माझाच."

तिने तोंडावर पदर घेतला. "अरे देवा! माले वाटनं, पंडितभाऊनी पहिली बायको व्हई. हार दखीसन म्हनं, वारी गयी बिचारी!"

दिपमाला खुदकन हसली. मीही हसले. ह्यांनी मान वर केली आणि त्या हाराकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहत राहिले. दिपमालाचं हसू मध्येच थांबलं. ही बाई महिन्यामहिन्याने या दुकानात येत होती, आणि दर वेळी मनातल्या मनात मला हात जोडून जात होती.

मंजुळाबाई मात्र खुशीत आली. दुकानात बाई आहे म्हटल्यावर तिने पिशवी खाली ठेवली, काउंटरच्या माझ्या टोकाला आली आणि वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक इचारू? या गोयास्नी काहीच फरक पडत नही. पोटमा नुसतं मळमळ व्हस."

मी ह्यांच्या हातातलं पुडकं घेतलं आणि उघडलं. अंगावरून पांढरं जातं त्यावरच्या गोळ्या. आतून ठेवायच्या. पाण्यासोबत गिळायच्या नाहीत.

"तुम्ही या कशा घेता?" मी विचारलं.

"कशा म्हन्जे? जेवन व्हयनं का पानीसंगे."

"कोणी सांगितलं नाही?"

"डाक्तर घाईमा व्हता. पंडितभाऊ कागदमा गुंडाळी देतस. मी बाईमानूस, कसं इचारू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे कान लालबुंद झाले होते. हा माणूस दुकान उघडल्यापासून एकाही गिऱ्हाइकाशी आवाज चढवून बोललेला नाही. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर रात्रीला चंद्र, सकाळला सूर्य काढून देतो. पण हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही, आणि मंजुळाबाईची विचारायला नाही. आणि जी सांगू शकली असती ती भिंतीवर हार घालून बसली होती.

मी तिला आत घेतलं, कानाशी लागून सगळं नीट सांगितलं. गोळी कशी ठेवायची, किती दिवस, आणि आधी पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवून, गोळ्या आजवर गिळल्या हे न लाजता सांगायचं. तालुक्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर कधी असतात तेही सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "तू रोज बसत जाय ना वं माय," म्हणाली आणि मेथीची एक जुडी माझ्यापुढे ठेवून गेली.

साहेब काही आले नाहीत. ग्रुपवर मेसेज आला, अफवा होती. ह्यांनी नेहमीसारखं "बरं, जा आता घरी" म्हटलं नाही, मेथीची जुडी उचलून माझ्या हातात दिली.

परतताना दिपमाला मागून म्हणाली, "काकू, मला डिप्लोमाची भीती नाही वाटत. अभ्यास तो अभ्यासच. मला त्या हाराची भीती वाटते."

स्कूटी चालवताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याच्या कडेला मी मनसोक्त रडले. पोरगी बिचारी माझी पाठ चोळत राहिली. कशासाठी रडत होते? त्या मंजुळाबाईसाठी, आणि फोटोतल्या त्या दोन वेण्यांच्या मुलीसाठी. तिने किती रात्री जागून अभ्यास केला होता! आणि तिच्याजवळ होतं ते कोणाला हवंच नव्हतं, नाव सोडून.

संध्याकाळी नाना शेतातून आले, हातपाय धुऊन ओसरीत बसले. भूषण झोपाळ्यावर मोबाईल बघत होता. मी चहा दिला आणि आत न जाता तिथेच उभी राहिले.

"नाना, काल विचारलं होतं ना, माझं काय वाईट झालं? आज सांगते." आणि सगळं सांगितलं. गोळ्यांचं सांगताना नानांनी मान खाली घातली, पण मी थांबले नाही. "डिप्लोमा वाईट नाही. मी केलाय, मला विचारा. पण तुम्हाला शिकलेली पोर नको आहे, तुम्हाला तिची फ्रेम हवी आहे. ती सासरी भाकरी थापणार आणि नरडाण्याला तिच्या फोटोला उदबत्ती. दिपमाला डिग्री करेल. चार वर्षं लागली तर लागू द्या."

"आनि भूषणनं दुकान?" नानांचा आवाज उतरला होता. मुलासाठी बापाचा जीव तुटतो, त्याचा राग मला करता येईना.

"भूषणला दुकान हवंय ना? मग डिप्लोमा भूषणने करावा."

झोपाळा थांबला.

"मी?" भूषण म्हणाला.

"तू. बारावी सायन्स पास आहेस. डिप्लोमाला तेवढं पुरतं. दोन वर्षं सकाळी उठ, अभ्यास कर, परीक्षा दे. मग तुझाच फोटो लाव आणि त्याच्याखाली तूच बस."

दिपमालाच्या आईला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. नाना भूषणकडे असे बघायला लागले, जसं गावभर शोधलेलं अवजार घरातच सापडावं. आणि म्हणाले, "हाई तं कोना डोकामाच उनं नही."

मग दिपमालाकडे वळून म्हणाले, "भर तुना तो फारम."

दिपमाला धुळ्याला हॉस्टेलवर आहे. भूषण रोज सकाळच्या एसटीने डिप्लोमाच्या कॉलेजला जातो. कुरकुरतो, पण जातो. परवा माझ्याकडे औषधांच्या मात्रा पाठ करायला बसला होता आणि मध्येच म्हणाला, "काकू, हे सगळं तुम्हाला येतं?" त्याला खरंच माहीत नव्हतं.

आणि मी? त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं की उद्यापासून मी दुकानात बसणार. सकाळी मी पोचले तेव्हा हे स्टुलावर चढून माझ्या फ्रेमचा हार काढत होते. खाली उतरून हार कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना, म्हणून तोही लक्ष्मीला घातला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "चुकलं माझं." मी अ‍ॅप्रनची बटणं लावत होते.

पुढच्या बाजाराला मंजुळाबाई आली. एकटी नाही, सोबत गावातल्या दोन बाया. पायरीखालीच थांबून तिने आधी भिंतीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दखा वं, तीच शे. जित्ती शे!"