काठावरचा आकडा

मी मुळातच भित्री. लहान मुलांच्या दवाखान्यात औषधं कालवणाऱ्या माणसानं भित्रंच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला दूध पचत नाही. त्याचं सगळं जेवण आम्ही एका पिशवीत तयार करतो आणि ते नळीनं थेट शिरेत जातं. त्यात कॅल्शियम लागतं आणि फॉस्फेटही लागतं, आणि या दोघांचं एका पिशवीत जमेलच असं नाही.

म्हणून आधी गणित. पाण्यात दोघांचं प्रमाण किती ते काढायचं आणि गुणाकार करायचा. दोघं मिळून जो क्षार होतो त्याची एक मर्यादा ठरलेली असते, तिला विद्राव्यता गुणाकार म्हणतात. आपला आकडा तिच्याखाली असला तर पाणी नितळ राहतं, वर गेला की पांढरा साका धरतो. पिशवीत धरला तर पिशवी फेकता येते. बाळाच्या फुफ्फुसात जाऊन अडकला तर काहीच करता येत नाही.

मंद्रूपची सृष्टी सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. तिच्या मुलीचं कॅल्शियम त्या दिवशी डॉक्टर विरुपाक्षांनी वाढवलं. मी गणित केलं. आकडा अगदी काठावर, पण खाली. पुन्हा केलं, पुन्हा खालीच. दुपारी सृष्टीचे वडील धुळाप्पा पिशवी न्यायला आले, तेव्हा मी ती फ्रिजमधून काढून बर्फाच्या डब्यात दिली.

"मामा, थंडच राहू द्या. तडक वर वॉर्डात न्या," मी म्हटलं. का, ते सांगितलं नाही. मागं रांग होती.

बऱ्याच वेळानं वरून भुवनेश्वरी सिस्टरचा फोन आला. "मॅडम, पिशवी आत्ता लावली. आजोबा जिन्यातच बसले होते की. घोंगडीत पोटाशी धरून उबवून आणली त्यांनी."

साखर ऊन पाण्यात जास्त विरघळते. हा क्षार उलट्या डोक्याचा, ऊब लागली की उलट बाहेर पडतो. माझं गणित एसीतल्या खोलीचं होतं. पोटाशी धरलेल्या पिशवीचं नव्हतं.

"बंद कर," मी म्हटलं आणि जिन्यानं धावत सुटले. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

भुवनेश्वरीनं पंप थांबवून नळी काढली होती. पिशवी वरवर नितळ दिसत होती. मी ती काळ्या फाईलीपुढं धरून हलवली. आत पिठासारखी बारीक पांढरी धूळ फिरत होती. दोन-चार थेंब बाळात गेले होते.

धुळाप्पा दारात उभे होते. "काय झालं बाई?"

"थंड ठेवा म्हटलं होतं ना?"

"व्हय. पर लई गार हुती वो. अशक्त कोकराला आमी कदी गार दूद पाजत न्हाय. बाटली आंगाशी धरायची, मग पाजायची."

मी घाबरले होते आणि घाबरले की माझी जीभ सुटते. "तुमच्या उबेनं नातीचा जीव गेला असता," मी म्हणाले. डोक्यावरचा पटका काढून धुळाप्पांनी हातात धरला.

मग नुसतं बघत बसणं. तिची इवलीशी छाती वर येई, खाली जाई. एकदा जरा थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा हलली. कॅल्शियम कमी करून मी नवी पिशवी बनवली, या वेळी गणित उन्हाळ्याचं धरून, आणि स्वतः वर नेली. दिवेलागणीला डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं साफ आहेत. भिंतीला टेकून मी रडले.

भुवनेश्वरीनं काचेच्या पेटीची खिडकी उघडली. "या आजोबा, हात धुऊन घ्या आणि नातीला हात लावा. माणसाची ऊब लागते तिला."

धुळाप्पांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एक पाऊल मागं सरले.

"मामा, या ना," मी म्हटलं. "आता चालतंय."

"नगं बाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुमीच लावा. माज्या हातात ऊब लई हाय."