एझ्रोमने तपासलेल्या सात भट्ट्या

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी एझ्रोमने अंगणातल्या नीरफणसाखाली हातभर खोल खड्डा खणला, तोफगोळ्याचं पोकळ कवच त्यात आडवं ठेवलं, माती लोटली आणि पायाने दाबली. कवच केळफुलाएवढं, गंजून तांबूस झालेलं. आतली दारू बारा वर्षांपूर्वी पोलिसांच्या बाँब पथकाने काढून नेली होती. तेव्हापासून ते उंबऱ्याशी पडून असे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. पूर्वी जमीन तपासायला निघायच्या आधी एझ्रोम ते पुरायचा, वरून धातू शोधायचं यंत्र फिरवायचा आणि यंत्र बोललं तरच घराबाहेर पडायचा. गेली दोन-तीन वर्षं त्याने ही चाचणी केली नव्हती. जुन्या यंत्राची खात्री होती. आज यंत्र नवं होतं.

ते रेडलीने आणलं होतं. रेडली एझ्रोमच्या बहिणीचा, मोदेस्ताचा मुलगा. तीन वर्षं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या बागांमध्ये फळं तोडून तो दोन दिवसांपूर्वी बेटावर परतला होता. मोदेस्ताला जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या शनिवारी तिच्या थडग्यावर सिमेंटचा क्रूस बसायचा होता आणि दोनशे माणसांचं जेवण होतं. दोनशे माणसांचं म्हणजे मोठी भट्टी: कमरेइतका खोल खड्डा, त्यात लाकडं, लाकडांवर नदीतले दगड. दगड लाल झाले की केळीच्या पानांत गुंडाळलेलं डुक्कर, रताळी, अळकुड्या आणि वरून माती. ग्वाडलकनाल बेटाच्या या किनाऱ्यावर भट्टी खणायची तर आधी जमीन तपासावी लागते. ऐंशी वर्षांपूर्वी दोन परकी सैन्यं इथे एकमेकांवर जे फेकत होती, त्यातलं सगळंच फुटलेलं नाही. वर विस्तव पेटला की ते तापतं.

ही तपासणी तेतेवा गावात गेली एकोणीस वर्षं एझ्रोम करत होता. मूळचा तो पाम तेलाच्या मळ्यातला पंप-मिस्त्री. बत्तीस वर्षं पंपघरात काढलेली. एक परदेशी तुकडी जाताना आपलं हिरवं यंत्र त्याच्याकडे देऊन गेली, आणि ते काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

रेडलीने नवं यंत्र पुरलेल्या कवचावरून फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. त्याने खिशातलं नाणं मातीत टाकलं. यंत्र चिमणीसारखं चिवचिवलं.

"बघितलंस मामा?" रेडली खूश झाला. "नाणं बरोबर पकडलं."

"गोळा नाही पकडला."

"अरे, तेच तर! दुकानदाराने मला पहिलं काय विचारलं, की जमीन कशी आहे. मी म्हटलं, आमच्याकडे नुसतं भंगार लोखंड, पाऊल ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, मग हेच न्या. लोखंडाला हे ओळखसुद्धा देत नाही."

एझ्रोमने खोक्यावरचं चित्र पाहिलं. गुडघ्यावर बसलेला एक गोरा माणूस तळहातावरचा सोन्याचा खडा दाखवत हसत होता. त्या माणसाला लोखंडाचा त्रास होता, म्हणून त्याचं यंत्र लोखंडापाशी मुकं केलेलं होतं. तेतेवात सोनं नव्हतं. जे होतं ते सगळं लोखंडच होतं, आणि त्यातलं कुठलं नुसता तुकडा आणि कुठलं अख्खं, एवढाच प्रश्न होता.

पायरीवर नारळ खवत बसलेल्या नेरिसने, एझ्रोमच्या बायकोने, मान वर केली. "एवढ्या लांबून आणलं आणि तुझ्या मामासारखंच निघालं. जे विचारावं त्यावर गप्प."

रेडलीचं तोंड उतरलं. एझ्रोम म्हणाला, यंत्र कसं बोलायला पाहिजे ते दाखवतो. त्याने आतून हिरवं यंत्र आणलं, कानाला हेडफोन लावले, पुरलेल्या जागेवरून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला. मग थांबून बॅटरी काढली, विजारीला पुसली, परत बसवली. तिसऱ्यांदा गेला.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

रेडलीने त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले आणि यंत्र कवचावर धरलं. लगेच ओरबाडून काढले. उघड्यावरसुद्धा त्याला आवाज येत होता. पायरीवरून नेरिसलाही येत असावा, कारण तिचं खवणं थांबलं. उंच, बारीक, सुईसारखी शिट्टी.

एझ्रोम दोघांच्या तोंडांकडे पाहत होता. त्याला समोरच्या समुद्राचा आवाज येत होता. शिट्टी येत नव्हती.

मग एझ्रोम आत गेला आणि खिळ्याला अडकवलेली तपासणीची वही घेऊन आला. सुरुवातीच्या वर्षांत एकेका भट्टीला दोन-दोन दिवस लागलेले होते. चार जागा नाकारून पाचवी मिळालेली. नंतर नाकारलेल्या जागा कमी होत गेल्या. गेल्या दोन वर्षांतल्या सात भट्ट्या पहिल्याच जागेवर, पहिल्याच फेरीत स्वच्छ ठरल्या होत्या. जमीन सुधारत चाललीय, असं लोक म्हणायचे. चर्चमध्ये एकदा त्याबद्दल प्रार्थनाही झाली होती. एझ्रोमही तेच मानत आला होता. शेवटून तिसरी नोंद त्याने बोटाने दाखवली. मोदेस्ता, मागचं स्वयंपाकघर. स्वच्छ.

"तिकडेच तर खणायचं ठरलंय," रेडली म्हणाला. "आईच्याच जागेवर. थोडी रुंद करायची फक्त."

नेरिस हळूच म्हणाली, "ती भट्टी वर्षभर पेटली नाही. तरी दगड गरम असतात म्हणतात. मोदेस्ताचा कुत्रा म्हणे तिथून हलत नाही."

"म्हणणारे काय, काहीही म्हणतात," एझ्रोम म्हणाला.

नव्या यंत्राची कळ कशी फिरवायची ते रेडलीला ठाऊक होतं. लोखंड गाळायची सोय बंद करता येत होती, फक्त दुकानदाराने तसं कधी करू नका म्हणून बजावलं होतं. रेडलीने ती बंद केली आणि यंत्र मामाच्या हातात दिलं. नाण्याला त्या यंत्राचा आवाज उंच होता, तो एझ्रोमला अर्धामुर्धाच आला. पण लोखंडाला ते खालच्या सुरात बोलत होतं. घोगरं, घशातल्या घशात, पंपघरात मोटर सुरू होताना फरशी घुमायची तसं. कवचावर त्याने ते धरलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एझ्रोमला जमिनीचा आवाज आला.

तो तसाच चालत सुटला. अंगणातून, विहिरीवरून, न्हाणीच्या वाटेवरून. फुटलेल्या तुकड्यांना आवाज खोकल्यासारखा तुटक येत होता, आणि तो जवळजवळ थांबतच नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याखाली खोकला. नेरिस बसली होती त्या पायरीखाली खोकला. जिथे तो रोज संध्याकाळी पाय पसरून बसायचा तिथे तर दोन. इतके दिवस हे सगळं पायांखाली होतं आणि आपण त्याला शांतता समजत होतो, एवढंच त्याच्या मनात आलं. नेरिसने पाय वर घेतले.

मोदेस्ताचं घर तीनशे पावलांवर होतं. मागचं स्वयंपाकघर म्हणजे चार खांबांवर पानांचं छप्पर, खाली भट्टीचा उथळ खळगा आणि त्यात काळे पडलेले दगड. दगडांवर कुत्रा झोपला होता. एझ्रोम जवळ आला तसा तो उठला, यंत्राकडे पाहून दोन पावलं सरकला, आणि यंत्र पुढे गेल्यावर पुन्हा होता तिथे येऊन पडला.

खळग्याच्या पूर्वेच्या कडेला यंत्र बोलायला लागलं. हा खोकला नव्हता. आवाज सावकाश चढला, फुगला, लांबत गेला, आणि हात फिरवत नेला तसा पश्चिमेच्या कडेपाशी सावकाश उतरला. एझ्रोमने उलट दिशेने फिरवलं. तेच. आडवं फिरवलं तेव्हा आवाज अरुंद आला. अंगठा आणि करंगळी ताणून त्याने जमिनीवर मापं घेतली. लांबी पाच विती, रुंदी एक. फुटलेलं लोखंड असं सरळ, एकसंध पडत नाही. कुत्र्याच्या पोटाखालून आवाज येत होता आणि कुत्रा झोपेत पाय हलवत होता.

"ही जागा मी पास केली," एझ्रोम म्हणाला.

रेडली खांबाला धरून उभा होता. "आई दर रविवारी इथंच भाजायची?"

"हो. मी जेवायला यायचो."

मग रेडलीने त्याला समजावायला सुरुवात केली. झालं ते झालं. आईला साखरेने नेलं, याने नाही. जेवण दुसरीकडे करू, पोलिसांना फोन करू, गावात एवढंच सांगायचं की जुनं यंत्र बिघडलं होतं. कोण विचारतंय? नवीन आलं म्हणूनच हे कळलं, म्हणजे कौतुकच होईल.

"यंत्र चांगलं होतं," एझ्रोम म्हणाला.

"मामा, लोक तुला काय म्हणतील?"

"यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं तर ते दुसरं यंत्र मागतील आणि मलाच बोलावतील."

शनिवारी आणि सोमवारी तो उरलेल्या सहा घरी गेला. एकटाच गेला, रेडलीला नको म्हणाला. प्रत्येक घरी आधी बसला, दिलेलं पाणी प्यायला, मग सांगितलं की मला शिट्टी ऐकू येत नाही, कधीपासून ते मला माहीत नाही, तुमची भट्टी पुन्हा बघू द्या. पहिल्या घरच्या म्हातारीने त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडून विचारलं, की आता ऐकू येतंय का. आणि घरातले सगळे हसले. त्यांची जागा स्वच्छ निघाली. दुसऱ्या घरचीही स्वच्छ निघाली, आणि निघताना त्याला मासा बांधून दिला. तिसऱ्या घरी भट्टीच्या कडेवर यंत्राचा आवाज लांबला तेव्हा घरातल्या बाईने पोरांना उचललं आणि ती माहेरच्या वाटेला लागली. चौथी आणि पाचवी स्वच्छ. त्या नशिबाने स्वच्छ होत्या, हे एझ्रोमला कळत होतं. वहीतल्या जुन्या शब्दाचा त्यात काही हात नव्हता.

सहावं घर हागाईचं, नदीपलीकडे. तिथेही आवाज लांबला. हागाई मळ्यात एझ्रोमच्या हाताखाली होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, सव्वा वर्ष रोज पेटतेय ही. तुझा कान गेला म्हणून माझी भट्टी का हलवू?" एझ्रोम संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिला. हागाईने शेवटी उद्या बघू म्हटलं.

मंगळवारी एझ्रोमने राजधानीत, होनिआराला जाऊन पथकाकडे तीन जागा नोंदवल्या. बहिणीचं घर, माहेरी गेलेल्या बाईचं घर, हागाईचं घर. यादीत त्याचे आकडे त्रेचाळीस, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस होते. आधीची बेचाळीस ठिकाणं दोन बेटांवर पसरलेली होती. नक्की तारीख सांगता येणार नाही, तोवर पन्नास पावलांच्या आत जाऊ नका, असं त्याला सांगण्यात आलं. पिवळी फीत मिळाली.

शनिवारी मोदेस्ताचा क्रूस बसला. जेवण चर्चच्या मैदानावर मोठ्या पातेल्यांत झालं. ती जागा दोन दिवस लागून तपासली होती: एझ्रोमने नव्या यंत्राने, रेडलीने जुन्याने, आणि दोघांचं जुळेल तिथेच लाकडं रचली. डुकराला दगडावरची चव नाही, अशी कुरकुर झाली. नेरिसने त्यांना सांगितलं की चव पाहिजे असेल तर मोदेस्ताच्या मागच्या दाराने जा, फीत ओलांडून.

वही एझ्रोमने रेडलीला दिली. दोन वर्षांतल्या सातही नोंदींवर त्याने आडवी रेघ मारली होती. रेडलीची क्वीन्सलंडची पुढची फेरी सहा आठवड्यांवर होती. तो जाईल की राहील, हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

फीत बांधल्यापासून एझ्रोम रोज पहाटे प्लास्टिकची खुर्ची घेऊन मोदेस्ताच्या घरापाशी जाऊन बसतो. पोरं, डुकरं, कुणी फितीच्या आत जाऊ नये म्हणून. बहिणीकडेच राहायला जा आता, असं नेरिस म्हणते, आणि न्याहारीचं रताळं पाठवून देते. कुत्र्याला मात्र तो अडवू शकला नाही. दोनदा दोरीने बांधलं, दोन्ही वेळा दोरी कुरतडलेली सापडली.

सोमवारी सहाला दहा मिनिटं कमी असताना कुत्रा दगडांवरून उठला, आळस देऊन बाहेर आला आणि एझ्रोमच्या पायाशी बसला. एझ्रोमने त्याच्या पोटावर हात फिरवला. मग, बजावलेलं असूनही, तो फितीखालून आत गेला. रात्रभर पाऊस झाला होता, छप्पर एका बाजूने गळत होतं. खळग्याभोवतीची माती ओली होती. कुत्रा झोपला होता त्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथे तो कधी झोपत नाही, तिथल्या दगडावर त्याने तळहात ठेवला. दगड कोरडा होता, आणि गरम होता.

त्याने हात काढला, दुसरा ठेवून पाहिला. मग बाहेर येऊन, रताळं घेऊन वाटेने येणाऱ्या रेडलीला हाक मारली आणि पथकाला फोन लावायला सांगितलं. सहा वाजून पाच मिनिटांनी फोन लागला. पलीकडच्या माणसाने आकडा विचारून घेतला, त्रेचाळीस, आणि गाडी कधी निघेल ते विचारून कळवतो म्हणाला.

नदीपलीकडे हागाईच्या घराच्या बाजूला तेव्हा धूर दिसत होता. तो चुलीचा आहे की भट्टीचा, ते इथून कळत नव्हतं. एझ्रोमने रेडलीला तिकडे धाडलं, स्वतःची खुर्ची उचलली, पन्नास पावलं मोजून मागे नेली, आणि वाटेच्या मधोमध ठेवून तो घराकडे तोंड करून बसला.