गाडीखालची जागा

मला संशयी म्हणतात. म्हणू देत. ज्या घरात सगळेच भोळे असतात, तिथे एकाला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि आमच्या घरात ते काम माझ्या वाट्याला आलं. माझे यजमान प्रभाकर कंपनीत टूलरूमला. लोखंडातला केसाएवढा फरक त्यांना बोट फिरवून कळतो, पण माणूस समोर बसून टोपी घालत असला तरी हे त्याला चहा विचारणार. सासूबाईंचं तर बोलायलाच नको. कुणी वाकून नमस्कार केला की तो सज्जन, एवढी साधी त्यांची परीक्षा.

काळेवाडीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. रस्त्याच्या पलीकडे, अगदी आमच्या दारासमोर, आमची स्वतःची जागा होती. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती चिमाजी नावाच्या गावातल्या शेतकऱ्याकडून घेतली होती. सगळा व्यवहार तोंडी. आज कागद करू, उद्या करू, म्हणता म्हणता आधी चिमाजी गेला आणि मग मामंजी. जागा आमची आहे याला पुरावा म्हणाल तर एकच होता, मामंजींची मॉरिस गाडी. खडकीच्या एका पारशी साहेबाने विलायतेला जाताना ती मामंजींना देऊन टाकली होती. बंद पडल्यावर मामंजींनी ती ढकलत आणून त्या जागेच्या मधोमध उभी केली, चाकांखाली दगड लावले आणि सांगून ठेवलं की गाडी उभी आहे तोवर इथे कुणी पाय टाकायचा नाही. सासूबाईंना तिथे दोन खोल्यांचं घर हवं होतं. स्वतःचा ओटा, स्वतःची तुळस, आणि पाणी भरायला घरमालकिणीची परवानगी नको. त्या रोज सकाळी दारात उभ्या राहून त्या गाडीकडे बघायच्या, तेव्हा त्यांना तिथे गाडी दिसत नसे, घर दिसत असे.

चौऱ्याहत्तर साली माझे धाकटे दीर, मधुसूदन, यांनी एकाएकी काढलं की बाबांची गाडी आपण चालू करू या. दोघा भावांना गुरुवारची सुट्टी. इंजिनाचं हे बघतील, मधुभाऊजी दुसऱ्या कंपनीत पेंट शॉपला होते म्हणून रंगाचं ते बघतील, सीटा मी शिवायच्या, कारण माझं मशीन घरातच. सासूबाई म्हणाल्या, चालू झाली की मला पुढे बसवून देहूला न्या, तुमच्या बाबांनी कबूल केलं होतं आणि तसेच गेले. झालं, सगळ्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. एवढी वर्षं ज्याला गाडीची आठवण नव्हती त्याला आत्ताच पान्हा का फुटला, हा प्रश्न मला पडला. रस्ता रुंद होणार, कारखाने इकडे सरकणार, अशी बोलणी तेव्हाच सुरू झाली होती. जागेला मोल येणार होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

काम मात्र जोरात सुरू झालं. सीटांमधून उंदरांची घरटी निघाली, आणि एका घरट्यात मामंजींचा हरवलेला रुमाल. इंजिन गच्च बसलं होतं. ह्यांनी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही म्हणून बजावलं. सासूबाई भोंग्याची पितळ चिंचेने घासत बसायच्या. मी जुन्या बाजारातून आणलेलं रेक्झिन बेतायचे आणि एक डोळा भाऊजींवर ठेवायचे, कारण ते दर खेपेला गाडीचा एखादा भाग दुरुस्तीला म्हणून आपल्या क्वार्टरवर न्यायचे. नेलेला भाग तोच परत येतो कशावरून? म्हणून मी प्रत्येकाला कुठेतरी आडबाजूला लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवायला लागले. कार्ब्युरेटर परत आला तेव्हा त्याला गाठ नव्हती. मी घर डोक्यावर घेतलं. मग भाऊजींनी शांतपणे खिशातून माझा लाल दोरा काढला आणि म्हणाले की वहिनी, हा तुमचा पहारेकरी रॉकेलमध्ये बुडाला होता, वाळवून आणलाय. सगळे हसले. पण मी दोरे बांधणं काही सोडलं नाही.

चिमाजीचा मुलगा आबाजी शेजारच्याच मळ्यात राहायचा. पहिला संशय मला त्याचाच होता, हे इथे सांगून ठेवते. जागा त्याच्या बापाची होती, कागद नव्हता, मग तो गप्प का? मी त्याला सरळ बोलावून विचारलं. तो चिडला नाही. घरातून बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडार घेऊन आला आणि सासूबाईंच्या समोर तो उचलून म्हणाला, "माज्या बाचा शबूद हाय, वैनी. ह्या जागंत म्या कुदळ मारनार न्हाई, का कुंपन घालनार न्हाई."

बेलभंडार उचलल्यावर गावातला माणूस मागे फिरत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. त्याच्या नावावर मी फुली मारली. मग तो रोज यायला लागला. गाडी जागच्या जागी मागेपुढे ओढायला बैल दे, पत्रा ठोकायला ऐरण दे, कधी मळ्यातली मेथीची जुडी. आणि जाताजाता एखादी गोष्ट माझ्या कानावर घालायचा. मधुभाऊजींबद्दल माझ्या मनात काय आहे हे मी त्याला कधी बोलले नव्हते, पण त्याला ते बरोबर कळलं होतं. एक दिवस म्हणाला की धाकलं मालक काल एक मानूस घिऊन आलं व्हतं, जागंला टेप लावत व्हतं, तुमाला ठावं असंलच. मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

गुरुवारी भाऊजी आले तशी मी त्यांना दारातच धरलं. ते लपवाछपवी न करता म्हणाले की हो, गवंडी आणला होता. गाडी चालू झाली की जागेवरून हलणार, हलली की जागा उघडी पडणार, तेव्हा आधी चारी बाजूंनी कंबरेएवढी भिंत घालू. गवंडी त्यांच्या ओळखीचा, विटा तेच आणणार, भिंत तेच बांधून घेणार. ऐकायला किती गोड. मी विचारलं, भिंत कुणाच्या नावाची? ते म्हणाले, बाबांच्या. मी म्हटलं, बाबा तर नाहीत. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि माणूस गप्प बसला की मला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. मी ह्यांना निक्षून सांगितलं की एकट्या भाऊजींची एक वीटसुद्धा त्या जागेत पडता कामा नये, बांधायची तर पुढे दोघांनी मिळून, कागद करून. हे नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये चिरडले गेले आणि अखेर ह्यांनी माझंच ऐकलं. गवंडी परत गेला.

त्यानंतर भाऊजी कामाला येत राहिले, पण बोलणं तुटलं. पॉलिश पेपर घासताना त्यांची पाठ माझ्याकडे असायची. गाडीला त्यांनी गडद हिरवा रंग दिला, असा की त्यात आपलं तोंड दिसावं. मी त्यात बघितलं तर मागे उभे असलेले भाऊजी माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग होता की दुसरं काही, ते मला तेव्हा उमगलं नाही.

आणि एका गुरुवारी सकाळी ह्यांनी हॅन्डल मारलं, गाडी खोकली, दुसऱ्यांदा मारलं आणि ती चालू झाली. अख्खी आळी गोळा झाली. सासूबाई नवं लुगडं नेसून केव्हाच तयार होत्या. आबाजीने स्वतः चाकापुढे नारळ फोडला. तेव्हा मधुभाऊजी हळूच म्हणाले, "तुम्ही सगळे जाऊन या, वहिनी. मी थांबतो इथे."

थांबतो म्हणे! जिच्यासाठी एवढा घाम गाळला त्या गाडीतली पहिली चक्कर सोडून हा माणूस उघड्या जागेत एकटा थांबणार? आम्ही देहूला टेकेपर्यंत इकडे विटांची गाडी येऊन उभी राहिली असती. मी म्हटलं, ते काही नाही, आईंची इच्छा आहे, सगळे मिळूनच जायचं. सासूबाईंनीही आग्रह केला, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. मी त्यांना मागच्या सीटवर माझ्या शेजारीच बसवलं, नजरेसमोर. निघताना आबाजीला हाक मारून सांगितलं की जरा लक्ष ठेवा. तो हात जोडून म्हणाला की निर्धास्त ऱ्हावा.

देहूचा दिवस छानच गेला, ते मी नाकारत नाही. सासूबाई पुढे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच हात दाखवत होत्या. चढावर गाडी तापली तेव्हा थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातलं, इंद्रायणीवर दशम्या खाल्ल्या. फक्त भाऊजी घास हातात धरून सारखे म्हणत होते की निघू या, निघू या. मी मुद्दामच सावकाश जेवले.

परतताना आमच्या रस्त्याला वळलो तर समोर गर्दी. कुणी पडलं-झडलं की काय म्हणून ह्यांनी गाडी हळू केली. आमच्या जागेत गावातले लोक जमले होते. बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन रांगेत होत्या. मधोमध, जिथे आमच्या गाडीचं ऑइल गळून गळून जमीन काळी झाली होती, बरोबर त्या डागावर एक धोंडा ठेवलेला होता. नखशिखांत शेंदूर फासलेला, ओला. त्याला चांदीचे डोळे, पुढे फोडलेले नारळ, लिंबं, उदबत्त्या. कुदळ कुणी मारली नव्हती आणि कुंपणही कुठे नव्हतं.

आबाजी पुढे आला. कपाळाला शेंदूर, चेहरा अगदी साधा. म्हणाला की म्हसोबा त्याच्या स्वप्नात आला होता, इतकी वर्षं गाडीखाली दबून होता बिचारा, आज वजन उतरलं तसा वर आला. गावातले लोक माना डोलवत होते. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमीच म्हनला व्हता न्हवं वैनी, लक्ष ठिवा म्हनून? आता द्येवच ठिवंल."

भिंत पाडता येते, कुंपण उपटता येतं. शेंदूर लागलेला दगड उचलायला ह्या अख्ख्या गावात कोण पुढे येणार होतं? मी भाऊजींकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर, जिथे त्यांची भिंत झाली असती तिकडे बघत होते. एक अक्षर बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या, चपला गाडीपाशीच काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या बायकांच्या रांगेतून वाट काढत दगडापुढे गेल्या. मला वाटलं आता त्या आबाजीला विचारणार. त्या खाली वाकल्या. जिथे त्यांचं घर होणार होतं, तिथल्या मातीला कपाळ टेकून त्या बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला शेंदूर लागला होता आणि डोळे कोरडे होते. गर्दीतल्या कुणीतरी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यांनी ते खाल्लं.

आणि जिने आयुष्यात कुणावर सहजी विश्वास टाकला नाही, त्या माझे हात गाडीत बसल्या बसल्या आपोआप जोडले गेले होते.

मागून एक टेम्पो हॉर्न देत होता. इंजिन चालूच होतं, सुरेख, एका लयीत. ह्यांनी स्टिअरिंग धरूनच मागे वळून बघितलं, आधी भावाकडे, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "गाडी कुठे लावू?"