गाढवाचं दिदज

कोर्टात टायपिंग करता करता नेबाहातची बावीस वर्षं गेली, पण तिने कधी कीबोर्डकडे पाहिलं नाही. ती पाहायची हाकीमसाहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, ओठांकडे. साहेब म्हणायचे, "लिही, पोरी," आणि वाक्य त्यांच्या तोंडून पुरतं बाहेर पडेपर्यंत इकडे टाइप झालेलं असायचं. वय पन्नाशीचं, गुडघे कुरकुरणारे, पण कोर्टात ती आपली पोरीच.

हा वेग एफ कीबोर्डचा. आमच्या तुर्कस्तानात दोन पंथ आहेत, एफवाले आणि क्यूवाले. एफवर अक्षरं तुर्की भाषेच्या सोयीने बसवलेली. क्यू बाहेरून आला आणि तरणी पोरं त्याच्याच भजनी लागली. कोर्टात नवे कॉम्प्युटर आले तेही सगळे क्यूचे. नेबाहातने तक्रार केली नाही. दोन बटणं एकदम दाबली की यंत्र आतून एफ व्हायचं. वर काय छापलंय ते बघतो कोण?

बघायचा तो शेजारचा कारकून तुफान. नाव तुफान, टायपिंग दोन बोटांनी, तेही गोगलगायीच्या चालीने. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या खुर्चीत बसून फुटबॉलच्या बातम्या वाचायचा. त्यासाठी यंत्र क्यूवर न्यायचा आणि जाताना परत एफवर आणायचा. एका मंगळवारी विसरला.

त्या दुपारी खटला अब्रूचा होता. न्हावी इद्रिसने हलवाई सातिल्मिशला भर बाजारात 'एशेक', म्हणजे गाढव, म्हटलं होतं. साक्षीदाराने शिवी जशीच्या तशी सांगितली, साहेब म्हणाले, "लिही, पोरी," आणि नेबाहातची बोटं धावली. पक्षकारांसाठी भिंतीवर पडदा होता. त्यावर अगम्य मजकूर उमटत गेला, आणि एशेकच्या जागी उमटलं 'दिदज'.

इद्रिस ताडकन उठला. "साहेब, मी गाढव म्हटलं, कबूल! पण दिदज? आईची शपथ, असली घाण माझ्या तोंडात नाही!"

"म्हणजे मनात होतीच ना?" सातिल्मिश किंचाळला. "साहेब, शिक्षा वाढवा!"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग नेबाहातकडे. "बावीस वर्षांत एकदा तरी पडद्याकडे बघायचं होतंस!"

तुफान टेबलाखाली पेन शोधत बसला. नेबाहातने त्याचं नाव घेतलं नाही. न बघण्याची मिजास तिचीच होती. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी तळघरात झाली, जुन्या फायलींत. लाज तर वाटलीच, पण लाजेहून राग मोठा होता. बोटं शिवशिवायची. फायलींवरची धूळ काही बोलत नव्हती, मग लिहिणार काय?

वर तिच्या खुर्चीत तुफान. आणि बाहेर गावात 'दिदज' सुसाट सुटलं होतं. पोरं मास्तरांना म्हणू लागली, सासवा सुनांना. महिन्याभरात खटला आलाच. भाजीवाली झेकियेने मिनीबसवाल्याला दिदज म्हटलं होतं.

"म्हटलं," झेकिये म्हणाली. "पण त्याचा अर्थ मलाच ठाऊक नाही. मग अपमान झाला कसा?"

साहेबांनी शब्दकोश चाळला. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, "तळघरातून तिला बोलवा."

नेबाहात साक्षीच्या जागेवर उभी राहिली. महिनाभर तोंड बंद होतं, ते आता धबधब्यासारखं सुटलं. "साहेब, एफचा 'ए' असतो तिथे क्यूचा 'द' असतो, 'श' असतो तिथे 'इ', 'क' असतो तिथे 'ज', म्हणून एफची बोटं क्यूवर पडली की एशेकचं दिदज होतं, आणि ते का झालं ते विचाराल तर..."

"थांब, थांब! तुफान, लिहिलंस का?"

"'मी, नेबाहात' इथवर आलोय, साहेब. आब्ला, ताई, जरा दमानं सांग ना गं!"

"मी दमानं सांगितलं," नेबाहात म्हणाली, "तर तू रिटायर होशील."

झेकिये खो खो हसली. साहेबांचा पारा चढला. "ऊठ रे तिथून, दिदज कुठला!"

तुफान उठला. नेबाहात आपल्या जुन्या खुर्चीत बसली, दोन बटणं दाबली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा आधी पडद्याकडे पाहिलं. अक्षरं बरोबर येत होती.

"साहेब," ती अदबीने म्हणाली, "आपण आत्ता तुफानला जे म्हणालात, ते लिहू?"

साहेबांचे कान लाल झाले. ज्या शब्दावर खटला चालू होता, तोच.

"मी ऐकलंय हं!" झेकिये मागून म्हणाली.

"ते नको लिहूस," साहेब हळूच म्हणाले.

नेबाहातची बोटं तशीच, कीबोर्डच्या वीतभर वर. "तळघरात ओल फार आहे, साहेब. माझे गुडघे..."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उद्यापासून इथेच बस," ते म्हणाले. "आता लिही, पोरी."