देवीचा दिवा आणि जीपमधली कुईं

माणिकरावांची जीप रिसोडात शिरली की गाण्याच्या आधी तिच्या स्पीकरमधली कुईंऽऽ ऐकू यायची. ॲक्सिलरेटर दाबला की कुईं चढे, सोडला की उतरे. आणि या गृहस्थांनी साऱ्या जीप स्टँडवर बोंब मारून ठेवली होती, की भागवतच्या दुकानातल्या पोरीनं ॲम्प्लिफायर बसवला अन् गाडीची वाट लावली.

ती पोरगी म्हणजे सुकेशनी, तांड्यावरच्या बाबूसिंगची लेक. तीन वर्षं मोबाइलची कव्हरं विकली, तेव्हा कुठं भागवतनं तिच्या हाती गाड्यांच्या टेपचं काम दिलं होतं. आज माणिकरावांनी जीप दुकानापुढं आणून लावली, तर तोच म्हणाला, "माफी माग त्यायची. अन् संध्याकाळपावतर आवाज बंद नाही झाला, तं उद्यापासून कव्हरंच इकजो."

"माफी कायची? पयले कुईं सापडू द्या."

काय चुकीचं बोलली हो ती?

इंजिन बंद ठेवून तिनं टेप लावला. गाणं स्वच्छ. इंजिन चालू केलं, कुईं हजर. मग टेपकडून ॲम्प्लिफायरमध्ये येणाऱ्या वायरी उपसल्या, तर इंजिन गुरगुरतंय आणि स्पीकर चूप. म्हणजे तिनं बसवलेला डबा चांगला होता, घाण टेपकडूनच येत होती. हे तिनं माणिकरावांना दोनदा सांगितलं. ते पान चघळत दुसरीकडेच पाहत राहिले. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वायरी परत लावून तिनं चार्जर काढला. कुईं होतीच. एरियल काढला, तरी होतीच. आता उरला देवीच्या फोटोपुढचा लुकलुकता दिवा. तिनं हात पुढं केला.

"त्याले हात लावाचा नाही," माणिकराव म्हणाले. "चालू गाडीत देवीचा दिवा इझवत नसतात. चार मेकॅनिक पाहून गेले, कोनी हिंमत नाही केली."

"म्हनूनच कोनाले सापडलं नाही, काका."

"अन् बाईमानसानं तं..."

"देवी बी बाईच हाय न."

तिनं फोटोला हात जोडले आणि दिव्याची पिन उपसली. कुईं गेली.

तिनं टेप बाहेर ओढला. दिव्याची अर्थिंगची तार टेपच्या अर्थिंगच्या तारेलाच पिळून जोडलेली, वर भागवतची नेहमीची निळी चिकटपट्टी. त्यातून टेपात शिरणारी बारीक कुईं ॲम्प्लिफायरनं फक्त मोठी केली होती. गेल्या दसऱ्याला पूजेच्या घाईत हे काम भागवतनं स्वतः केलं होतं. तो वाकला आणि हळूच म्हणाला, "चूप नीट कर अन् गाडी दे."

तिनं पत्र्याचा रंग खरवडला, दिव्याला वेगळी तार देऊन तिथं बोल्टखाली पक्की आवळली. दिवा लागला. ॲक्सिलरेटर पार तळाशी दाबला, तरी नुसतं गाणं.

"काय होतं मंग?" माणिकरावांनी विचारलं.

"काई नाही, लूज होतं," भागवत हसला. "पोरगी हाय, राह्यते एखांदी चूक."

आता मात्र हद्द झाली. सुकेशनीनं ती निळी पट्टी माणिकरावांच्या हातावर ठेवली. "चूक माही नाही. दसऱ्याले दिवा यायनंच जोडला होता. सांगा न, भागवतभाऊ."

भागवत लालबुंद झाला. "लय तोंड चालते तुह्यं. उद्या येऊ नको."

माणिकरावांनी पट्टी उलटसुलट पाहिली. "भागवत, उद्या माहा साळा गाडी आनून राह्यला. हे पोरगी नसन, तं मी त्याले दुसऱ्या दुकानात धाडतो."

भागवत काही बोलायच्या आत सुकेशनीच म्हणाली, "सकाळी नऊले गाडी आना, काका. पन त्याआंधी स्टँडवर माहं नाव सुधरून या."